धुरकऱ्याची गाडी

माघातल्या एका रविवारी सकाळी, नेर तालुक्यातल्या आमच्या गावाबाहेर शंकरपटाच्या जुन्या मैदानावर, धुरकऱ्याने आपल्या टिनाच्या शेडात बनवलेली शर्यतीची गाडी पहिल्यांदा पूर्ण वेगाने पळवली. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पुंडलिक उभा होता. तो बाजूला झाला नाही. गाडी त्याला उडवून पुढच्या नांगरलेल्या शेतात जाऊन थांबली. यवतमाळच्या दवाखान्यात पुंडलिकचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. धुरकऱ्याच्या अंगावर ओरखडाही नव्हता.

त्यानंतर धुरकरी काही वर्षं जगला आणि यंदाच्या उन्हाळ्यात वारला. गावात अजून एक गोष्ट विचारली जाते: हे दोघे पुन्हा कधी भेटले का? कोणी म्हणतं भेटले, कोणी म्हणतं नाही. जे पडताळता आलं, तेवढं इथे दिलं आहे.

शंकरपटात बैलजोडी हाकणाऱ्याला आमच्याकडे धुरकरी म्हणतात. जिल्ह्यात असे पुष्कळ. आमच्या गावात मात्र नुसतं धुरकरी म्हटलं की हा एकच. लहानथोर सगळे त्याला अरेतुरे करत आणि त्यालाही तेच बरं वाटे. त्याचं घर आमच्या घराला लागून. मी त्याला काका म्हणत असे, तेही समोर असला तरच.

धुरकरी कधीही मागे वळून पाहत नसे. रस्त्यात मागून हाक आली तर थांबे, पण मान वळवत नसे. हाक मारणाऱ्याने पुढे येऊन बोलायचं. नेरच्या स्टँडवर माणसं त्याला वळसा घालून समोर येताना दिसली की जवळपास धुरकरी आहे हे कळे. त्याच्या स्कूटरला आरसे नव्हते. यवतमाळला ट्रॅफिकच्या हवालदाराने त्यासाठी अडवलं, तेव्हा त्याने विचारलं होतं, "मांगून येनाऱ्याले डोये नाहीत का, साहेब?" दंड भरून तो तसाच, आरशाविना परत आला. कारण विचारलं तर सांगे, "धुरेवर बसल्यावर मांगं पाह्यलं का वजन हालते. वजन हाललं का जोडी मार खाते." तो धुरेवर, म्हणजे गाडीच्या दांडीवर, बसलेला नसतानाही मागे पाहत नसे, याचं कारण त्याने कधी दिलं नाही.

पट म्हणजे सरळ रेषेतली शर्यत. वळण नाही, फेरी नाही. हलक्या छकडीला जुंपलेली जोडी एका टोकाला सुटते आणि काही सेकंदांत दुसऱ्या टोकाला पोचते. घड्याळात कमी वेळ जिचा, ती जोडी जिंकते. लोकांचं लक्ष हाकणाऱ्याकडे असतं, पण टोकाला आणखी एक माणूस लागतो. भरधाव बैल रेषा ओलांडून आले की तो त्यांच्या समोर येतो, दोन्ही हात वर करतो, शेला हलवतो आणि लांबलचक "हो" काढतो. बैल त्याला ओळखतात, वेग कमी करतात, आणि तो वेसणीला धरून त्यांना फिरवून घेतो. धुरकऱ्याच्या जोडीसमोर हे काम कायम पुंडलिकचं होतं. पुंडलिकने टोकावरून शेला उंच केला म्हणजे मैदान मोकळं आहे असं समजायचं. त्याआधी धुरकरी जोडी सोडत नसे. आणि कासरा ओढून त्याने स्वतः जोडी थांबवल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

"पयवनं माहं, थांबवनं पुंडल्याचं," असं तो म्हणे. ही त्यांची वाटणी होती आणि दोघांनाही तिचा अभिमान होता. पुंडलिक त्याला पानठेल्यावर चारचौघांत टोमणा मारी, "याले सोताचा ब्रेकच नाही. घरी वयनी थांबवते, मैदानात मी." धुरकरी त्यावर गालातल्या गालात हसे. पटाच्या दिवशी जोडी जिंकली तर हार आधी बैलांना, मग पुंडलिकला, आणि उरला तर आपल्याला, असा त्याचा क्रम होता.

मग न्यायालयाची बंदी आली आणि पट थांबले. पहिलं वर्ष धुरकऱ्याने बैल राखले. रोज सकाळी तो जोडी मैदानापर्यंत नेई, उभी करी आणि परत आणी. दुसऱ्या वर्षी त्याने ती कळंबकडच्या एका शेतकऱ्याला दिली. बाजारात उभी केली नाही. देताना अट घातली की जोडी फोडायची नाही. बैल गेल्यावर त्याचे हात रिकामे झाले आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नसे. ओट्यावर बसला तरी मुठी वळलेल्या असत, जणू कासरा धरला आहे. काकू, म्हणजे त्याची बायको, मला म्हणाली होती, "जेवतांनी बी एक हात तसाच असते, बापू. मी पाह्यतो अन् गप्प बसतो."

त्याच वर्षी पोळ्याच्या दिवशी गावातले बैल सजून तोरणाखाली गेले आणि धुरकरी मागच्या शेडात जाऊन बसला. पुंडलिक त्याला शोधत आला. मन रमावं म्हणून त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातला होता. दोन लांबोडक्या गाड्या सरळ पट्टीवर उभ्या होत्या. दिवा लागला, सुटल्या आणि संपल्या. धुरकऱ्याने तो पुन्हा लावायला सांगितला, मग पुन्हा.

"हा तं पटच हाये," तो म्हणाला.

"बैल कुठी हायेत त्यात?"

"मधात असतीन."

हे संभाषण पुंडलिकनेच मला पुढे अनेकदा सांगितलं. दर वेळी शेवटी तो म्हणे, "व्हिडिओ म्या दाखोला होता. हे ध्यानात ठेव."

शेड टिनाचं होतं आणि कापूस साठवायच्या कामाचं. त्या हंगामात शेडात लोखंड आलं आणि कापूस घराच्या पुढच्या खोलीत गेला. काकूला स्वयंपाकघरात जायला कापसाच्या ढिगावरून जावं लागे. तिने हे सगळं बोलून दाखवलं, पण कापूस उचलून बाहेर टाकला नाही. नेरचा सलीम वेल्डर कामाला येई. बोअरचे जुने लोखंडी पाइप जोडून लांब सांगाडा झाला. भंगारातल्या व्हॅनचं इंजीन बसवण्यात दिवाळी गेली. मागची चाकं लहान ट्रॅक्टरची, पुढची मोपेडची. बसायला छकडीची जुनी फळी, कारण धुरकऱ्याला गादीवर बसवेना. "खालून काही कयतच नाही," ही त्याची तक्रार होती. पुंडलिक रोज येई, पाइप धरून उभा राही, ठिणग्यांपासून तोंड फिरवी आणि सलीमला सल्ले देई.

मी पेपरात नोकरीला; सुटीच्या दिवशी गावी गेलो की शेडात डोकावत असे. एकदा सलीमने माझ्यादेखत विचारलं, "मामू, भगेगी तो सही. रुकेगी कैसे?"

धुरकऱ्याने मागच्या चाकांना लागणारा एक दांडा दाखवला. सलीमने तो ओढून पाहिला आणि नकारार्थी मान हलवली. व्हिडिओतल्या गाड्या शेवटी मागून पॅराशूटसारखी छत्री सोडतात, हे त्याने दाखवलं. तशी छत्री आपणही लावू, असं त्याचं म्हणणं होतं. मैदानापुढचं शेत नांगरून ठेवायचं, म्हणजे गाडी ढेकळांत रुतेल, हेही त्यानेच सुचवलं. शेताची गोष्ट लगेच ठरली. छत्रीचं काकूने ऐकलं. तोवर तिने त्या गाडीला हात लावला नव्हता. तिने तीन जुन्या पॉलिस्टरच्या साड्या काढल्या, उसवून जोडल्या, कडेला दुहेरी शिलाई मारली आणि सलीमने सांगितलं तशा दोऱ्या ओवल्या. छत्री जांभळी, हिरवी आणि मधोमध नारिंगी होती. शेडाबाहेर ती वाऱ्यावर धरून पाहिली तेव्हा सलीम दोन पावलं ओढला गेला. सगळे हसले. पुंडलिक हसला नाही.

पुढचं मी स्वतः ऐकलं. पुंडलिक धुरकऱ्याच्या समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी असतांनी छत्री कायले लागते?"

"अरे, गाडी हाये थे. बैल नाही."

"मंग मी कायले पाहिजे? सांग तसं. मी वावरात जातो."

"तुले कोन जा म्हनलं बे?"

"थे छत्री म्हनते ना," पुंडलिक म्हणाला आणि निघून गेला. बरेच दिवस तो शेडात आला नाही. सलीमला पाइप धरायला माणूस मिळेना. धुरकरी काम करी, पण मध्येच थांबून फाटकाकडे पाही. काकू सांगते की या काळात तो नीट जेवत नव्हता. एके दिवशी त्याने छत्री सोडवली, घडी केली, शेडातल्या खुंटीला टांगली आणि पुंडलिकच्या घरी गेला. दुसऱ्या दिवशी पुंडलिक कामावर हजर होता.

काकूने त्या संध्याकाळी मला बोलावलं. "बापू, तू पेपरात हायेस, तुहं आयकतीन. त्याहीले सांग, छत्री लावा म्हना. नाही लावत तं माह्या साड्या वापस द्या, मी गोधडी शिवतो."

मी सांगितलं. धुरकऱ्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्याले वाईट वाटते रे. त्याचं कामच काढून घेतलं तं मानूस कुठी जाईन?" पुंडलिक फक्त सुरुवातीचा शेला दाखवेल आणि बाजूला होईल, असं दोघांत ठरलं असल्याचंही त्याने सांगितलं. ठरलं होतं, याला सलीमही दुजोरा देतो.

पूर्ण वेगाने पळवण्याआधी गाडी दोनदा हळू चालवून पाहिली गेली. दोन्ही वेळा पुंडलिकने टोकाला शेला उंच केला, आणि दोन्ही वेळा गाडी जवळ येताच बाजूला होण्याऐवजी हात वर करून पुढे आला. धुरकऱ्याने इंजीन बंद केलं. गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुंडलिकने बैलाच्या पाठीवर मारावी तशी पाइपावर थाप मारली आणि म्हणाला, "वयखते मले." सलीमने दोघांनाही झापलं. दोघेही हसत होते.

माघातल्या त्या रविवारी मी यवतमाळला होतो. काय घडलं ते सलीम, काकू आणि मैदानावरच्या इतर काही जणांकडून वेगवेगळं ऐकलं. ज्यावर सगळ्यांचं एकमत आहे तेवढंच लिहितो. गाडीला हळदकुंकू लावून नारळ फोडण्यात आला. पुंडलिक नवा शेला घेऊन टोकाकडे चालत गेला. त्याने शेला उंच केला. गाडी सुटली तेव्हा इतका धुरळा उठला की सुरुवातीच्या टोकावरच्या लोकांना काही दिसेना. टोकाजवळ उभ्या असलेल्यांनी पुंडलिकला हात वर करून गाडीच्या वाटेत मधोमध येताना पाहिलं. त्याचा "हो" ऐकू आला आणि मग इंजिनाच्या आवाजात बुडाला. त्यानंतर धुरकऱ्याने इंजीन बंद केलं आणि दांडाही ओढला; मागची चाकं अडकून घसरल्याच्या खुणा वाळक्या गवतावर होत्या. बैल असते तर थांबले असते, असं तिथल्या एका म्हाताऱ्याने मला सांगितलं. त्याला ते खरंच वाटत होतं.

पोलिसांनी दोघांचे जबाब घेतले. धुरकऱ्याने सांगितलं, "म्याच त्याले मधात उभा केला." पुंडलिकने दवाखान्याच्या खाटेवरून सांगितलं, "मी माह्या मनानं गेलो. त्यानं नको म्हनलं होतं." जबाब घ्यायला आलेल्या जमादाराने पुंडलिकला विचारलं, की तुम्ही त्याला वाचवता का. पुंडलिक म्हणाला, "त्याले कायले वाचवू? माही जागा होती थे." पुढे तडजोडीने प्रकरण मिटलं.

दवाखान्यात पुंडलिकच्या बायकोने, वच्छलाबाईंनी, धुरकऱ्याला आत येऊ दिलं नाही. तो फाटकाबाहेर लिंबाखाली बसून राही. डबा काकू करी आणि सलीम आत नेऊन देई. वच्छलाबाई डबा घेत, कारण तो सलीमच्या हातून येई. पुंडलिक घरी आल्यावर मात्र धुरकऱ्याला कोणी अडवलं नव्हतं. तरी तो गेला नाही. पुंडलिकच्या घरावरून जाणारी गल्लीच त्याने सोडली. स्टँडवर जायचं तर नाल्याकडून लांबचा फेरा घेई. पावसाळ्यात नाल्याला पाणी असे, तेव्हा गावाबाहेर जात नसे.

पुंडलिकचं शेत मात्र दर हंगामात धुरकऱ्याच्या स्वतःच्या शेताआधी नांगरलं जाई. ट्रॅक्टर कुणी पाठवला हे सांगायला चालकाला मनाई होती. तरी चालक सांगे. पोलिसांकडून गाडी परत मिळाली तेव्हा सलीमने ती कापली. तिच्या पाइपांचे कठडे करून ते पुंडलिकच्या ओट्याला आणि न्हाणीला बसवण्यात आले. बसवायला सलीम एकटाच गेला होता. कृत्रिम पाय लावून पुंडलिक त्या कठड्याला धरून चालायला शिकला. मी भेटायला गेलो तेव्हा त्याने कठड्यावर बोट वाजवलं. "हा पाइप कुठचा हाये थे मले मालूम नाही का? वेल्डिंगच्या वक्ती म्याच धरला होता."

मी विचारलं, धुरकऱ्यावर राग आहे का.

"हाये ना. लय हाये." तो म्हणाला. "पाय माहा गेला, अन् घरात बसला थो. हे कुठचं बरोबर? मी इथं ओट्यावर बसून पाह्यतो, सारं गाव जाते या गल्लीतून. थो नाही जात."

हे मी धुरकऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. तो शेडात तूर पाखडत होता. हात थांबले नाहीत. "जाऊन काय बोलू?" एवढंच त्याने विचारलं. मग त्याने सूप पुन्हा भरून घेतलं. त्या काळात तो बराच खंगला होता. रात्रीचा दमा सुरू झाला होता. काकू म्हणे, पुंडलिकशी बोलणं झालं तर दोन घास जास्त जातील. गावातल्या दोघातिघांनी मध्यस्थीचा प्रयत्न केला. त्यांना त्याने चहा पाजून परत पाठवलं.

मग बंदी उठली. पट पुन्हा सुरू झाले. पहिल्या वर्षी आयोजक धुरकऱ्याकडे आले तेव्हा तो नाही म्हणाला. दुसऱ्या वर्षीही नाही म्हणाला. गेल्या हिवाळ्यात आमच्याच मैदानावर पट भरला. या वेळी त्याला कोणी विचारलं नाही, आणि तरी त्याचं नाव भोंग्यावरच्या पुकाऱ्यात होतं. नाव पुंडलिकने दिलं होतं. जोडीही त्यानेच ठरवली होती; कळंबकडच्या त्याच शेतकऱ्याकडून एक नवी, तरणी जोडी मागवून घेतली होती. आयोजकांनी पुंडलिकला टोकाजवळ दोरीच्या बाहेर खुर्ची दिली. मैदानात उतरायचं नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

मैदानावरचा भोंगा धुरकऱ्याच्या घरात ऐकू येतो. पहिला पुकारा झाला तेव्हा तो ओट्यावर बसला होता. काकू सांगते की त्याने मान वर केली आणि खाली घातली. दुसऱ्या पुकाऱ्याला नावापुढे "टोकाला पुंडलिक" असं जोडण्यात आलं; तसं सांगायला पुंडलिकनेच माणूस पाठवला होता. धुरकरी उठून उभा राहिला. काकूने त्याचा सदरा आणून दिला. तिसरा पुकारा झाला तेव्हा तो अंगणातच गुंड्या लावत होता. पटाच्या नियमानुसार तिसऱ्या पुकाऱ्यानंतर थांबत नाहीत. पुढची जोडी सोडण्यात आली.

तो घरातून निघाला, ही गोष्ट काकूने पाहिली. पुंडलिकच्या गल्लीने गेला, हे तिथल्या दोन बायकांनी पाहिलं. मैदानावर तो कधी पोचला आणि टोकाकडे कसा गेला, हे नक्की सांगणारं कुणी मिळालं नाही. गर्दी होती आणि सगळे जोड्यांकडे पाहत होते. खुर्चीशेजारी बराच वेळ कुणीतरी जमिनीवर बसलेलं होतं, असं भोंग्यावरचा माणूस सांगतो. कोण, हे त्याने पाहिलं नाही. मी पुंडलिकला विचारलं, त्या दिवशी तुमच्यात काय बोलणं झालं. तो म्हणाला, "थे आमचं हाये. पेपरातलं नाही."

संध्याकाळी पट संपल्यावर पुंडलिकला घरी न्यायला नेरचा ऑटो आला होता. ऑटोवाल्याने मला सांगितलं की आत दोघे बसले. ऑटोच्या रस्त्याने धुरकऱ्याचं घर आधी लागतं. तिथे ऑटो थांबवायला कुणी सांगितलं नाही. दोघे पुंडलिकच्या दारात उतरले. वच्छलाबाईंनी चहा ठेवला.